मुक्या पिच्चरमधलं सारवण

आधी कबुली देऊन टाकते. या सदरात लोकांच्या अनुभवांखाली खोचक प्रतिक्रिया लिहिणारी ती मीच. पिंपळाखाली पांढऱ्या साडीतली बाई दिसलेल्या दादांना "चष्म्याचा नंबर तपासा" म्हणाले होते. वारलेल्या सासऱ्यांचा खोकला ऐकू येणाऱ्या ताईंना "शेजारी कोण खोकतंय ते आधी बघा" असं सुचवलं होतं — आणि शेजारीच खोकत होते, हे त्यांनीच नंतर कळवलं. तेव्हा आता तुमची पाळी. खुशाल टोचा. फक्त शेवटपर्यंत वाचा आणि मग टोचा.

भूत, आत्मा, भानामती, उतारा... माझा कशावरही विश्वास नव्हता, आजही नाही, आणि हे लिहून झाल्यावरही बसणार नाही. मी परभणीत राहते. पत्रकं लिहिते. बसस्टँडवरच्या बायकांच्या संडासाला कडी बसवा म्हणून पत्रक. साप चावला तर मांत्रिकाकडे नको, दवाखान्यात न्या म्हणून पत्रक. ती वाटते, भांडते, परत लिहिते. मला गूढ वगैरे काही आवडत नाही. गूढ म्हणजे कुणीतरी नीट चौकशी केलेली नाही, एवढंच — असं मी कालपरवापर्यंत ठणकावून सांगत होते.

घटना गेल्या उन्हाळ्यातली. जागा बोरी, तालुका जिंतूर. वार रविवार, वेळ दुपारी दोन ते पावणेचार. रात्र नव्हती, अमावस्या नव्हती, कुत्रं रडत नव्हतं. बाहेर ऊन इतकं की पत्र्यावर पापड भाजून निघाला असता.

बोरीला आमच्या आजोबांची जागा आहे. पुढच्या बाजूला माझे मोठे काका — आम्ही त्यांना अण्णा म्हणतो — त्यांचं घर. मागच्या दोन खोल्यांत सुमन आत्या. आणि कडेला एक पत्र्याची लांबट खोली, जिथं माझे वडील एके काळी व्हिडिओ चालवायचे. म्हणजे टीव्ही, व्हीसीआर आणि समोर चटया. वडील वारले. आमचा भाग आईनं केव्हाच अण्णांच्या नावानं लिहून दिला. ती खोली तेवढी वडिलांचं सामान ठेवायला मागून घेतली होती.

सुमन आत्या अण्णांची धाकटी आणि माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय साठीच्या आसपास. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. त्या काळात तिला शाळेत कुणी घातलं नाही. सतराव्या वर्षी लग्न लावलं, अठराव्या वर्षी सासरच्यांनी परत आणून सोडलं. तेव्हापासून ती त्या मागच्या दोन खोल्यांत. आधी आजीबरोबर, आणि आठ वर्षांपूर्वी आजी गेल्यापासून एकटी. गावात तिला कुणी सुमन म्हणत नाही. "मुकी" म्हणतात. "मुकीच्या घरून ताक आण." "मुकीला बोलव निंदायला." मी यावरही पत्रक काढलं होतं. त्याच्या पुड्या बांधल्या गेल्या.

आत्याची भाषा हातांची. ती तिनं आणि आजीनं मिळून घरातच बनवली, कुठल्या शाळेतली नाही. त्यातल्या दोन खुणा तुम्हाला आत्ताच सांगून ठेवते, कारण सगळं त्यांच्यावर आहे.

पहिली — आत्याचं नाव. लहानपणी चुलीतला निखारा उडून तिची डावी भुवई मधोमध तुटली, तिथं केस उगवत नाहीत. म्हणून करंगळी डाव्या भुवईवरून आडवी ओढायची. ही खूण म्हणजे सुमन.

दुसरी — "मी इथंच राहणार." छातीवर मूठ दोनदा, आणि मग खाली वाकून उघड्या तळव्यानं जमिनीवर अर्धगोल. एक, दोन, तीन. शेणानं सारवताना हात जसा फिरतो, अगदी तसा. आत्याच्या खोल्यांत आजही मातीची जमीन आहे. अण्णांनी फरशी टाकायला माणूस पाठवला होता, तिनं त्याला दारातूनच परत लावलं. दर शनिवारी ती सारवते. तिच्या हिशेबानं, जी जमीन आपण सारवतो ती आपली.

तर झालं असं. अण्णांना ती सगळी जागा पाडून पुढं दुकानाचे गाळे काढायचे होते. त्यासाठी आत्याचं हक्कसोडपत्र पाहिजे होतं. हे काय असतं ते आपल्याकडच्या बायकांना सांगायची गरज नाही. भाऊ मागतो, बहीण अंगठा देते, वर पेढा खाते. आत्याला परभणीच्या एका आश्रमात ठेवायचं ठरलं होतं. सोमवारी जिंतूरला रजिस्ट्री. मला कळलं शुक्रवारी. शुक्रवारीच संध्याकाळी मी बोरीत.

"अण्णा, आत्याला विचारलंत का?"

"इचारायचं काय त्यात? मुकी हाय ती. तिचं समदं आजवर मीच सांगत आलोय."

"मग काय म्हणाली ती?"

"हौ म्हनली."

"कशी म्हणाली?"

"मान हलवली की."

"कशाला हलवली? भाकर वाढू का म्हणालात तेव्हा?"

अण्णांनी सुपारी कातरायची थांबवली. "हे बघ, पत्रकवाली. तुझ्या बापाच्या वाट्याचं तुझ्या मायनं लिहून दिलं, आता तुला कामून पुळका? लोक म्हनतील पोरीचाच डोळा हाय जागेवर."

"लोकांना म्हणू द्या. साक्षीदार कोण आहे?"

साक्षीदार होते मारोतराव. आयुष्यभर गावात पिठाची गिरणी चालवलेला सरळ माणूस, शब्दाला पक्का. मी त्यांच्याकडं गेले. ते म्हणाले, "बाई, अण्णा म्हनले तिची राजीखुशी हाय. अन् तिला तसंबी काय कळतंय? वेडसरच हाय जराशी."

मला वाद घालता येतो. पण त्या दिवशी कळलं की वाद घालून उपयोग नाही, दाखवावं लागेल. मारोतरावांना एकदा तासभर आत्याशेजारी बसवायचं, की तिला काय कळतं ते त्यांनाच दिसेल. पण बसवायचं कशाला?

वडिलांची ट्रंक उघडली. कॅसेटी बऱ्याच बुरशी लागलेल्या. त्यात एक चांगली निघाली. पांढऱ्या पट्टीवर वडिलांच्या अक्षरात: "मुका पिच्चर. विंग्रजी. हसायचा." म्हणजे बोलपट यायच्या आधीचा विनोदी सिनेमा, पाच-सहा रीळांचा, तासाभराचा असेल तो. एक बारका माणूस, मोठी टोपी, फाटके हातमोजे. याला खोलीतून बाहेर काढायला बघणारा आडदांड घरमालक. बस. आवाज नाही. म्हणजे ज्याला ऐकू येत नाही आणि ज्याला येतं, दोघं एका पातळीवर! मला इतका आनंद झाला की मी रात्रीतून पत्रक लिहिलं आणि शनिवारी सकाळी झेरॉक्स काढून गावभर वाटलं.

इथं माझी चूक झाली. सांगायला लाज वाटते, पण खरं सांगायचं ठरवलंय. पत्रक लिहायचा पहिला नियम म्हणजे सोपा शब्द. "मूकपट" लिहिलं तर कुणाला कळणार? म्हणून मी लिहिलं —

"रविवारी दुपारी दोन वाजता, व्हिडिओच्या खोलीत, मुका सिनेमा! प्रवेश सर्वांना खुला. सहकुटुंब या, आणि मुक्यांबद्दलचे आपले गैरसमज दूर करा!"

मी हे चार वेळा वाचलं होतं. ऱ्हस्व-दीर्घ तपासलं होतं. चार वेळा! दुपारी हॉटेलपाशी एकानं विचारलं, "ताई, खरंच सहकुटुंब बघायचा हाय का?" आणि बाकीचे चहात तोंड घालून खोकायला लागले, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला.

संध्याकाळपर्यंत अण्णा अंगणात उभे राहून ओरडत होते, "आमच्या घरातली पोरगी मुक्याचे पिच्चर दाखवायलीय! पत्रकं वाटून! सहकुटुंब!"

परिणाम असा झाला की रविवारी एकही बाई आली नाही. आले अकरा पुरुष. बहुतेक आंघोळ करून, भांग पाडून. एकानं पावडर लावली होती. मारोतराव आले ते मात्र मी घरी जाऊन हात जोडून आणले म्हणून. आत्या पहिल्या चटईवर, मारोतराव तिच्या शेजारी खुर्चीवर. दार लावलं, खिडकीला पोतं टांगलं. व्हीसीआरचं हेड मी आदल्या दिवशीच स्पिरिटनं पुसलं होतं.

पहिली पाच मिनिटं कुणी श्वास घेतला नाही. मग मागून आवाज आला, "आवाज गेलाय."

"आवाज नाहीच आहे."

"अन् ते... दुसरं?"

"तेही नाही. मुका म्हणजे न बोलणारा."

मग कुणीतरी अगदी दुखावलेल्या आवाजात म्हणालं, "मग तसं लिहायचं न्हाई का, बाप्पा!"

जायला मात्र कुणी उठेना. कारण बाहेर अंगणात माझी काकू शेजारणींना घेऊन गहू निवडत बसली होती, मुद्दाम. आत गेलेलं कोण कोण बाहेर येतं ते बघत. तेव्हा सगळे तिथंच बसले आणि नाइलाजानं हसायला लागले. सिनेमा खरंच चांगला होता. घरमालक त्याला दारातून फेकतो, हा खिडकीतून येतो. खिडकीतून फेकतो, हा धुण्याच्या टोपल्यात बसून येतो.

तेवढ्यात अण्णा आले. बंद करायलाच आले होते, पण मारोतराव बसलेले बघून त्यांना बसावं लागलं. आणि बसल्या बसल्या त्यांनी काय सुरू केलं असेल? समजावून सांगायला सुरुवात केली. सिनेमात कुणी बोलत नाही म्हटल्यावर त्यांना राहवेना.

"हा बारका हाय ना, हा चोर हाय. चोरी करायला शिरायलाय. अन् तो मोठा, मालक, भला मानूस—"

आत्यानं मागं वळून अण्णांच्या हलणाऱ्या ओठांकडं बघितलं. मग मारोतरावांचा गुडघा हलवला. पडद्यावरच्या बारक्याकडं बोट केलं, आपल्या गळ्याशी काहीतरी लोंबतं तसं दाखवलं, आणि मूठ फिरवली. मारोतरावांना कळेना. तिनं परत दाखवलं. सावकाश.

"चावी!" मारोतराव एकदम म्हणाले. "अरे, त्याच्या गळ्यात चावी हाय की! अण्णा, चोराकडं खोलीची चावी कशी असंल? खोली त्याचीच हाय. ह्यो मोठाच बेइमान हाय."

"तसंबी असंल," अण्णा म्हणाले.

त्यानंतर अर्धा तास अण्णा सांगायचे ते चुकायचं आणि आत्या दाखवायची ते खरं निघायचं. लोक अण्णांना सोडून तिच्याकडंच बघायला लागले. पावडरवाला तर सरळ तिला विचारायला लागला, हातानं, "आता काय?" मला वाटलं जिंकलो. सिनेमा संपत आला. बारका शेवटी हरतो. गादीची गुंडाळी डोक्यावर घेऊन लांब रस्त्यानं चालत जातो. इंग्रजीत "समाप्त"ची पाटी.

मी मारोतरावांना म्हणाले, "बघितलंत?"

"हुशार हाय बरं का मुकी."

"सुमन."

"व्हय, सुमन. पन बाई, अण्णाला मी शब्द दिलाय. उद्या जिंतूरला तर जावंच लागंल."

माझ्या अंगातलं अवसानच गेलं. म्हणजे तासभर डोळ्यांनी बघून यांना कळलं काय, तर मुकी हुशार आहे. आणि अंगठा तरीही घ्यायचाच.

आता नीट वाचा. इथून पुढं मी एकही शब्द वाढवून लिहिलेला नाही.

पाटीनंतर पडद्यावर मुंग्या आल्या. रिकाम्या कॅसेटीवर येतात त्याच, पांढऱ्या-काळ्या. मी बंद करायला उठले. व्हीसीआरवरचा आकडा २१४६ होता. माझं बोट बटणाजवळ होतं म्हणून आकडा पक्का लक्षात आहे. आत्यानं माझं मनगट धरलं. घट्ट. ती माझ्याकडं बघत नव्हती, मुंग्यांकडं बघत होती.

मुंग्या विरल्या. चित्र आलं.

तीच खोली. तोच बारका माणूस. जो आत्ता गादी घेऊन निघून गेला होता तो आत बसलेला, जमिनीवर. टोपी काढलेली. हातमोजे नव्हते — आख्ख्या सिनेमात त्यानं ते एकदाही काढले नव्हते. त्यानं सरळ समोर बघितलं. आमच्याकडं म्हणणार नाही. पहिल्या चटईकडं.

त्यानं करंगळी डाव्या भुवईवरून आडवी ओढली.

छातीवर मूठ. दोनदा.

मग वाकला आणि उघड्या तळव्यानं जमिनीवर अर्धगोल काढला. एक. दोन. तीन.

आत्या उभी राहिली. तिनं त्याला तीच खूण परत केली. करंगळी, मूठ, अर्धगोल. एखाद्याला "हो, बरोबर" म्हणावं तशी. तो हसला. सिनेमातलं ते ओढूनताणून हसणं नव्हतं. मग परत मुंग्या.

मग अण्णा उठले. तोंड पांढरं पडलेलं. ते दार उघडून त्या उन्हात तसेच अनवाणी चालत गेले. त्यांच्या चपला संध्याकाळपर्यंत तिथंच होत्या.

आता तुमचे प्रश्न. मला माहीत आहेत, कारण तुमच्या जागी मी तेच विचारले असते.

कॅसेट मागं घेऊन परत बघितली का? लगेच. त्याच माणसांसमोर, चार वेळा. २१४६ नंतर फक्त मुंग्या. कॅसेट संपेपर्यंत मुंग्या.

वडिलांनी कधी त्यावर काही भरलं असेल? कॅसेटीची मागची टिकली तोडलेली होती, म्हणजे त्यावर काही भरताच येत नाही. आणि भरलंच असेल तर परत का दिसलं नाही? परभणीला रफिकमामूंकडं नेली. वडिलांचे मित्र, आयुष्य व्हीसीआर उघडण्यात गेलेलं. त्यांनी फीत हातानं पुढं सरकवून तसू तसू बघितली आणि म्हणाले, "बेटा, टेप में जो हैच नै, वो टीव्ही में कां से आएगा?" मी म्हटलं, तेच तर विचारायला आलेय.

सामूहिक भ्रम? हा माझा स्वतःचा लाडका खुलासा. पण भ्रम होण्यासाठी आधी डोक्यात काहीतरी असावं लागतं. भुवईची खूण म्हणजे नाव, हे आजी, वडील, आत्या आणि मी, एवढ्यांनाच माहीत होतं. चौघांतले दोघं जिवंत नाहीत. तरी मी प्रत्येकाला वेगळं घेऊन विचारलं, काय दिसलं ते करून दाखवा. मारोतरावांनी करंगळी भुवईवर ओढली, डाव्याच. मूठ दोनदा. आणि मग म्हणाले, "अन् खाली वाकून भाकर थापल्यागत केलं त्यानं." भाकर! ज्यानं जन्मात सारवलेलं नाही त्याला ते भाकर थापल्यासारखंच दिसणार. माझ्याकडून ऐकून सांगितलं असतं तर सारवणच म्हणाले असते. खुणेचा अर्थ त्यांनी विचारला आणि मी सांगितला तो त्यानंतर, त्याच संध्याकाळी.

त्या चित्रातली जमीन लाकडी होती का मातीची? हे मात्र मला आठवत नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. मारोतराव म्हणतात मातीची. मी ते धरत नाही.

अकरापैकी आता फक्त चौघं सांगायला तयार आहेत. बाकीच्यांना बायकांनी विचारलं, "तुमी गेलताच कामून तिथं?" त्यामुळे ते तिथं नव्हतेच. पावडरवाला तर म्हणतो, तो त्या दिवशी येलदरीला मासे आणायला गेला होता.

सोमवारी जिंतूर. मी बरोबर गेले. कागद तयार होते. टेबलामागच्या साहेबांनी रीतीप्रमाणे विचारलं, "बाईंची संमती आहे ना? त्यांना काय लिहिलंय ते समजलंय?"

आत्याचं सगळं आजवर अण्णाच सांगत आले होते. तेव्हा सगळ्यांनी अण्णांकडं बघितलं. अण्णांनी भिंतीकडं.

आत्यानं साहेबांसमोर करंगळी भुवईवरून ओढली. मूठ, दोनदा. मग त्या टेबलावरच तळवा फिरवला. एक, दोन, तीन. कागद सरकून खाली पडले.

मी बोलायला तोंड उघडलं, पण माझ्याआधी मारोतराव बोलले. "न्हाई म्हनायलीय, साहेब. सुमन म्हनायलीय, मी तिथंच ऱ्हानार. साक्षीदार म्हनून मी सही करनार न्हाई."

साहेबांनी कागद परत दिले. दस्त झाला नाही. आत्या आजही त्याच दोन खोल्यांत आहे. गेल्या शनिवारी मी गेले होते तेव्हा जमीन ओली होती, मला उंबऱ्याबाहेर उभं केलं तिनं.

हा शेवट गोड वाटला असेल तर थांबा. परतीच्या एसटीत मी मारोतरावांशेजारी बसले होते. विचारलं, "मामा, ही खूण तिनं याआधी कधी केली नव्हती तुमच्यासमोर?"

"करायची की," ते म्हणाले. "गिरनीवर यायची तवा करायची. हापशावर करायची. फरशीवाला आला तवा तर आख्ख्या गल्लीसमोर केली."

"मग?"

"आमाला वाटायचं, मुकी हातवारे करायलीय."

मला तिथंच, त्या बसमध्ये, ओरडावंसं वाटलं. चाळीस वर्षं एक जिवंत बाई गिरणीवर, हापशावर, भर गल्लीत स्वतःचं नाव सांगतेय आणि मी इथंच राहणार म्हणून सांगतेय. कुणाला कळलं नाही. कधीचा मेलेला एक परदेशी नट पेटीच्या काचेतून तेच एकदा करतो, आणि सगळ्यांना लगेच कळतं! चमत्कार झाला म्हणून नाही, चमत्कार लागला म्हणून माझी आग होते.

आणि चमत्काराचं पुढं काय झालं तेही ऐका. आठ दिवसांनी गेले तर व्हीसीआरला हळद-कुंकू. कॅसेटीच्या खाचेत अगरबत्ती खोचलेली. काकू नारळ घेऊन उभी. "मुक्या बाबाला कौल लावायचाय," म्हणे. मी नारळ काढून घेतला, त्याचं खोबरं केलं, व्हीसीआर ओल्या फडक्यानं पुसला आणि कुलूप लावलं. तेव्हा इथं कुणी "मुका बाबा" शोधत बोरीला यायचा विचार करत असेल तर येऊ नका. आलातच तर मागच्या दारानं आत्याकडं जा, भुवईवरून करंगळी ओढून तिला नावानं हाक मारा, आणि ती काय म्हणते ते बघा. तेवढं पुरे.

शेवटी मी आत्यालाच विचारलं. टीव्हीकडं बोट केलं, मग भुवई, मग तळवा पालथा-उताणा केला. त्याला कसं माहीत?

ती हसली. मग तिनं सावकाश सांगितलं, आणि मी ते तिच्या हातांवरून इथं उतरवते आहे. वडील व्हिडिओ चालवायचे तेव्हा दुपारी खोली रिकामी असायची. ती यायची. बाकीचे सिनेमे तिला नकोसे, सगळे नुसते तोंड हलवतात. हा एकच होता जो तिच्यासारखा बोलायचा. म्हणून ती पण त्याच्याशी बोलायची. कितीतरी दुपारी. स्वतःचं नाव सांगायची, घर सांगायची, सासरी काय झालं ते सांगायची.

मी म्हटलं, आत्या, तो तर चित्र आहे. तो कुठं बघतोय?

तिनं खांदे उडवले. दोन बोटं टीव्हीच्या काचेवर टेकवली आणि तिथून स्वतःच्या भुवईपर्यंत आणली. तो बघायचा.

मग उरलेलं मोजावं तसं तिनं बोटानं अण्णांचं घर दाखवलं, गिरणी दाखवली, गल्ली दाखवली, आणि प्रत्येक वेळी तीच दोन बोटं डोळ्यांवरून खाली पाडली.

काचेतल्या माणसाला ते कसं कळलं, याचं स्पष्टीकरण माझ्याकडं नाही. तुमच्याकडं असेल तर खाली लिहा, मी वाचेन, भांडेनही. पण त्याआधी दुसऱ्याचं द्या. बोरीत डोळे असलेली इतकी माणसं होती. त्यांना कसं कळलं नाही?